आजोबांच्या दगडावरचं नाव

लेम डिअर, मंगळवार

प्रिय आत्या, तुझ्या डेल्मरचा दुरूनच नमस्कार. गुडघे कसे आहेत? ओक्लाहोमाचा उकाडा त्यांना मानवतो म्हणे, तेव्हा शनिवारच्या जेवणासाठी इथवर यायची दगदग मुळीच करू नकोस. आम्ही निभावून नेऊ. (कसं, ते विचारू नकोस.)

आजोबांना जाऊन वर्ष झालं, म्हणून त्या दिवशी त्यांच्या थडग्यावर दगड बसवायचाय. क्लिफर्ड हे नाव त्यांना शाळेत गोऱ्या मास्तराने फळ्यावरच्या इंग्रजी नावांतून चिकटवलेलं, त्याचा त्यांना राग. तेव्हा आपल्या शायेन भाषेतलं नावच कोरायचं ठरलं आणि ते लिहून द्यायचं काम मी आपण होऊन गळ्यात घेतलं. सरकारी यादीत ते एका तऱ्हेने लिहिलंय, पुढच्या यादीत दुसऱ्या. अर्थ एकदा ‘चालता लांडगा’, एकदा ‘लंगडा लांडगा’. (कारकुनाला जेवायची घाई असावी.) मिशनऱ्याच्या वहीत तिसरंच, जर्मन कानांनी ऐकलेलं. शाळेत आपली भाषा शिकवणाऱ्या लुएलामावशीने चौथं लिहून दिलं, तेच बरोबर. पण जे स्वर आपण नुसत्या श्वासात म्हणतो त्यांच्या डोक्यावर तिने टिंबं दिली. बिलिंग्जचा दगडवाला म्हणाला, “टिंबांत पाणी साचेल, थंडीत दगड तडकेल. काढून टाका.” मावशी म्हणाली, “त्याला म्हणावं दगड बदल. आम्ही श्वास घ्यायचं सोडणार नाही.” हे निरोप पोचवत मी बिलिंग्जला तीनदा जाऊन आलो. ट्रक खोकतोय, मीही खोकतोय. शेवटी दगडवाला टिंबांना कबूल झाला. आता काळजी नाही.

तुझा,
डेल्मर

ता. क. काळजी आहे. आज मावशीने कागद पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, हे नाव म्हाताऱ्याचं कुठे राहिलंय? तू सात वर्षांचा असताना समारंभ करून त्याने ते तुला दिलं, घोंगड्या वाटल्या, स्वतः दुसरं घेतलं. स्वतःचंच थडगं कोरतोयस होय?” खरंच की गं! मला सगळे डेल्मरच म्हणतात, मी विसरूनच गेलो. पुकारणाऱ्याने त्यांचं नवं नाव चारदा ओरडून सांगितलं म्हणे. मी तेव्हा तळलेल्या भाकरीच्या रांगेत होतो. मावशी तेव्हा परगावी होती. पुढे सगळे त्यांना आजोबाच म्हणायचे. ज्यांनी ते नाव ऐकलं, त्यांच्यातली तू एकटी उरलीस.

आणखी एक ता. क. नाव लिहून पाठवू नकोस, मला कागदांचा वीट आलाय. गुडघ्यांचं वर लिहिलेलं विसर आणि बसने ये. दगड कोरा राहिला तरी चालेल. त्याच्याशेजारी उभी राहून ते नाव मोठ्याने म्हण. या वेळी मी रांगेत नसेन.