रिकाम्या खुर्चीचे पत्ते

३ मार्च, रविवार

हरले! माझ्याकडे राजांची जोडी, समोर बसलेल्या टोपीवाल्याकडे सत्त्यांची. दोघांच्या सगळ्या चिप्स टेबलाच्या मधोमध. अशा डावात दहातल्या आठ वेळा मी जिंकते — आणि शेवटचं पान निघालं किलवरची सत्ती, त्याच्या तीन झाल्या. टोपीवाल्याने टेबलावर हात आपटला. मी "छान खेळलात" म्हणाले, पर्स उचलली आणि बाहेर येऊन भलत्याच बसमध्ये चढले.

या वर्षात एकही टुर्नामेंट लागलेली नाही. पहिला नंबर राहू दे बाजूला, नुसतं बक्षिसाच्या यादीत शेवटचं नाव यावं, तेवढंही नाही.

गुरुजींना फोन केला. पोकर मला त्यांनीच शिकवलं. आता स्वतः खेळत नाहीत, नुसता उपदेश करतात. म्हणाले, "निकाल लिहू नकोस, निर्णय लिही. मन थाऱ्यावर राहील." म्हणून ही वही. तर — निर्णय बरोबर होता. लिहिलं. आणि तोच डाव पुन्हा मांडून बघत बसले.

४ मार्च

चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे डोळे तपासले. काच बदलायची, विचारायचं, "हे बरं, की आधीचं बरं?" एका आजोबांना शेवटची ओळ वाचा म्हटलं आणि मलाच तिथे अक्षरांच्या जागी किलवरं दिसली. तीन पाकळ्यांची, काळी, ओळीने! आजोबा वाट बघत होते. त्यांना म्हटलं, थांबा हं, दिवा जरा कमी करते.

६ मार्च

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे सगळ्याच गोष्टी त्याला दुरुस्त होणाऱ्या वाटतात. "काय बिघडलंय ते सांग ना." अरे, काही बिघडलेलं नाही, हीच तर बोंब आहे! मी नीट खेळते आणि हरते. यात कुठला पार्ट बदलणार?

१० मार्च, रविवार

पुन्हा तेच. पण आज एक भलतीच गोष्ट झाली, ती लिहून ठेवते.

माझ्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. कोणीतरी नाव नोंदवलं, पैसे भरले आणि आलाच नाही. आमच्याकडे नियम असा, की माणूस नसला तरी त्याच्या चिप्स खुर्चीपुढे रचून ठेवतात. दर डावात त्यालाही पत्ते वाटतात. त्याची पाळी आली की पत्ते वाटणारी डीलरबाई ते उलटे पत्ते ओढून घेते आणि फेकते. प्रत्येकाने आळीपाळीने टाकायची सक्तीची भर असते, तीही त्याच्या ढिगातून निघत राहते. ढीग हळूहळू झिजतो.

मी जीव तोडून खेळत होते. तासभर घाम गाळला. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे श्वास मोजून झाले, पायाची बोटं बुटात आवळून झाली. मग गुलामांची जोडी घेऊन राण्यांवर आपटले आणि उठले. दारातून मागे वळून पाहिलं तर ती खुर्ची तिथेच! तिच्यापुढे पत्ते वाटले जात होते. माणूस नसलेली खुर्ची माझ्यामागेही खेळात राहिली. मला अक्षरशः लाज वाटली, खुर्चीची!

११ मार्च

गुरुजी पोट धरून हसले. "अगं पोरी, रिकाम्या खुर्चीला राग येत नाही. ती मागच्या डावाचा सूड या डावात काढत नाही. तुझ्यापेक्षा तेवढी तरी शहाणी."

हसले मीही. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

१३ मार्च

झोपेत पत्ता उलटल्याचा आवाज येतो. फट्. रोज एवढाच.

१५ मार्च

आमची ठमी आठ वर्षांची आहे आणि वकील व्हायची लक्षणं आहेत. शाळेत कोणाला तरी सांगून आली, "माझी आई रविवारी घरी नसते आणि सोमवारी असून नसते." नवऱ्याने मला ते हसत हसत सांगितलं, आणि मग हसणं थांबवून म्हणाला, "खरंय ते."

भांडण झालं. पैशावरून नाही, तो तसा माणूसच नाही. म्हणाला, "तू समोर बसलेली असतेस आणि मी भिंतीशी बोलतो. मला माझी बायको पाहिजे, बास." मी रडले. शेवटी ठरलं — येत्या रविवारची टुर्नामेंट खेळायची. तीही हरले तर वर्षभर बंद. ठमीला साक्षीदार केलं. तिने दोघांचे हात हातात घेऊन तीनदा हलवले.

१७ मार्च, रविवार

हे कसं लिहू?

आज पत्ते आले! काय वाट्टेल ते आले. पहिल्या ब्रेकपर्यंत टेबलावर सगळ्यात मोठा ढीग माझा. आणखी थोडी माणसं गळाली की उरलेले सगळे बक्षिसाच्या यादीत. टोपीवाला म्हणाला, "आज तुमचा दिवस दिसतोय, बाई."

हे ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली. बेसिनवर हात धुवायला गेले. आरशात बघितलं. ढीग आहे म्हणजे तो जाणार. आता कोणत्या पानाने जाणार, एवढंच बघायचं. नळ बंद केला आणि पाय परत हॉलकडे वळेचनात. जिना उतरले. रस्ता ओलांडला. बस आली, चढले — या वेळी बरोबर बस! फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला.

घरी बापलेक जमिनीवर पत्ते मांडून बसले होते. तीन ठिकाणी पत्ते वाटलेले. तिसऱ्या जागी कोणीच नाही. ठमी म्हणाली, "अगं बाई, आलीस? थांब, तुझे आत्ताच फेकले मी. पुढच्या डावात बस." मी विचारलं, "माझे कशाला वाटता गं?" तर म्हणे, "तूच तर सांगितलंस, नसलेल्याचेही वाटायचे आणि फेकायचे!" दर रविवारी असंच खेळतात म्हणे.

पर्स तशीच खांद्यावर ठेवून मी खाली बसले. संध्याकाळभर खेळलो. ठमीने मला धुतलं. तिने उघड उघड चीटिंग केली, नवऱ्याने तिला पत्ते दाखवले, मी आरडाओरडा केला. किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. नवरा म्हणाला, "दुरुस्त झाली बघ!" ठमी मांडीवर झोपून गेली. तिच्या केसांना खडूचा वास येत होता.

सोडलं. वर्षभर कशाला, कायमचं सोडलं. निर्णय बरोबर आहे.

१८ मार्च

डीलरबाईचा फोन, दुकानात. "ताई, होतात कुठे तुम्ही? फोन बंद! अहो, तुमची खुर्ची सहावी आली!"

मला कळेचना. मग तिने समजावलं. मी गेले, चिप्स राहिल्या. पत्ते वाटले, फेकले. बाकीचे एकमेकांना मारत सुटले आणि माझा ढीग झिजत झिजत यादीत जाऊन बसला. टोपीवाल्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं म्हणे, "रिकामी खुर्ची जिंकली रे!"

घरी सांगितलं. नवरा हसून गडबडा लोळला. ठमीने विचारलं, "म्हणजे आई हरली नाही?" नवऱ्याचं हसू जरा ओसरलं. मी म्हटलं, "अगं, आता हरणं-जिंकणं संपलं." तिने मान हलवली.

२० मार्च

गुरुजी: "यातून अर्थ काढत बसू नकोस. योगायोग आहे." मी कुठे काढतेय अर्थ? त्यांनीच विषय काढला!

२२ मार्च

पण हरण्याची एवढी मोठी माळ, आणि मी उठून गेल्याबरोबर तुटली. त्या खुर्चीत बिघाड नव्हता. पत्त्यांत नव्हता. मग बिघडलेला पार्ट कोणता?

आवाज पुन्हा यायला लागला. फट्.

२५ मार्च

आजोबा चष्मा न्यायला आले. घालून म्हणाले, "हे बरं आहे, आधीचं वाईट होतं." मला उगाच भरून आलं.

२८ मार्च

एकदाच. माझ्यावाचून खुर्ची पुन्हा टिकते का, फक्त याची खात्री करायला. आणि मी खेळणार कुठे आहे? जाणारसुद्धा नाही. नाव नोंदवलं, पैसे भरले. रविवारी घरीच असेन, शब्द मोडण्याचा प्रश्नच येत नाही. नवऱ्याला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

३१ मार्च, रविवार

दुपारपासून घरीच. जमिनीवर पत्ते मांडले, आम्ही तिघं. आता तिकडे पहिला ब्रेक झाला असेल. आता माझी सक्तीची भर गेली असेल. आता माझे पत्ते उलटेच ओढून घेतले असतील. कोणते होते कोण जाणे. राजे असतील तर? नवऱ्याने काहीतरी विचारलं. मी हो म्हणाले असेन.

ठमीने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग पुढे वाकून माझ्या हातातले पत्ते काढून घेतले, उलटे करून मध्ये टाकले.

"बाबा, पुढचा डाव वाट," ती म्हणाली. "आई आली नाहीये."