चालणं त्याचं, बघणं माझं

११ फेब्रुवारी २००८
तीनच्या बॅचपर्यंत कॉम्प्युटर क्लासवर मी अन् सुनील दोघंच. दोघं मास्तर, पोरं एक न्हाई. त्यानं कुठूनशी एका गेमची सीडी आणल्ती. बाराच खोल्या. आपण स्वतः दिसतच न्हाई, आपल्या डोळ्यांना दिसेल तेवढंच स्क्रीनवर. पोरांना एका कॉम्प्युटरवर दोघं-दोघं बसवतो तसेच बसलो. कीबोर्ड त्याच्याकडं, माउस माझ्याकडं. म्हणजे चालणार तो, बघणार मी. पहिल्याच खोलीत एक पूल, त्याच्याकडं बघत राह्यलं तरच टिकतो. मी माउस जरा हलवला अन् सु. धपकन खाली.
"मॅडम, बघा की जरा नीट."
लई हसलो.

१९ फेब्रु.
सहा खोल्या झाल्या. लाइट गेली, सातवी परत पहिल्यापासून.
सु.ला म्हटलं, आपलं घरी सांग आता, मला बघायला पाहुणे येऊन राह्यले. तर म्हणे, "सांगतो ना, आईचा मूड बघून." तीन वर्षं झाली मूड बघून राह्यलाय.

२६ फेब्रु.
बाराव्या खोलीत अडकलो. पूल बघितला तर राहतो, पण पलीकडचं दार बघितलं की बंद होतं. पुलावरून जाताना दार समोरच, न बघून कसं चालेल?
सु. म्हणाला, रविवारी आईशी बोलतो, बिलकुल पक्कं. मंग बारावी खोली अन् पेढे एकदमच.

३ मार्च
पेढे आणले त्यानं. तीर्थपुरीची मुलगी ठरली. काल सुपारी फुटली.
मी विचारलं, आईशी बोलल्तास का?
"विषयच निघाला न्हाई गं."
विषय काढावा लागतो, सुनील. पोरं होती समोर म्हणून पेढा खाल्ला.

१० मार्च
सु.नं क्लास सोडला. एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत लागला. जाताना क्लासच्या मालक सरांना भेटून गेला. मला न्हाई.

१२ मार्च
एकटी बसले गेमला. चालताच येईना. कोणतं बटण पुढं, कोणतं मागं, काहीच ठाऊक न्हाई. पोरांना रोज ओरडून सांगते, अर्ध्या तासानं जागा बदला, न्हाईतर एकाला अर्धंच येतं. आम्ही एकदाही बदलली न्हाई. खुर्ची त्याची तशीच शेजारी. रडले. मंग तोंड धुऊन बॅच घेतली.

२० मार्च
बोटं वळायला लागली. पडते, पण चालते.
अन् बाराव्या खोलीचं कोडं डोक्यात सुटलं. पुलावर गेल्यावर दाराकडं पाठ करायची, तोंड जिकडून आलो तिकडं, अन् मागं-मागं सरकत जायचं. पूल डोळ्यांसमोर, पाठीमागं दार उघडं. एवढं सोपं होतं. सांगायला कोणी न्हाई, याचंच जास्त वाईट वाटलं.

२१ मार्च
पूल संपत आला. मागं-मागं दारातून बाहेर पडायला एक पाऊल.
तेवढ्यात मोबाइल वाजला. सु.चा मेसेज. "बारावी झाली का?"
इतक्या दिवसांनी हेच विचारावंसं वाटलं मेल्याला. तरी तीनदा वाचला.
"न्हाई," असं टाइप केलं. खोटं न्हाई ते, एक पाऊल बाकी आहे. मागचं बटण बोटाखाली आहे. अजून दाबलं न्हाई, मेसेजही पाठवला न्हाई.
बाहेर तीनची बॅच चपला काढून राह्यली.