गाळलेलं दीड मिनिट

३ ऑगस्ट, रविवार

चीड आलीय. नुसती चीड! एकोणीस वर्षं लोकांची दुःखं ऐकतेय, त्यातली अकरा वर्षं कॉलेजात समुपदेशनाचा डिप्लोमा शिकवतेय, आणि आता समुपदेशकांची संघटना म्हणते, नोंदणी चालू ठेवायची असेल तर शिका. तीस तास! वाशीच्या हॉटेलात, गोठवणाऱ्या एसीत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. आजचा विषय काय, तर ‘ऐकण्याचे कौशल्य’. हे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. शिकवणारा जेमतेम तिशीचा. स्लाइडवर हा एवढा मोठा कान!

दुपारी जेवायच्या रांगेत म्हणाला, “मॅडम, तुम्ही खूप शांत आहात.” शांत नव्हते रे बाबा. दात आवळून बसले होते.

५ ऑगस्ट

तीस तासांनी भागत नाही. वर एक व्हर्बेटिम द्यायचं. म्हणजे क्लायंटची लेखी संमती घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं आणि मग ते शब्द न् शब्द कागदावर उतरवायचं — खोकला, हुंदका, गप्प बसणं, सगळं. ते तपासायला संघटना सुपरव्हायझर नेमून देते. आज माझ्या सुपरव्हायझरचं नाव आलं.

मैत्री!!

माझी विद्यार्थिनी. पहिल्या सेशनला क्लायंट राहिला बाजूला, हीच रडली होती. बेसिनपाशी नेऊन तिचं तोंड मी धुतलं होतं. डिप्लोमा सोडून देते म्हणत होती, तिच्या घरी जाऊन आईला समजावलं ते मीच. आणि आता ती मला तपासणार!

दिलीपला सांगितलं. म्हणे, “मग छानच की, तुझ्याच हाताखालची आहे.” नवऱ्यांना नेमकं नको तेव्हा कौतुक सुचतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रेकॉर्डिंग झालं. हरेशचं केलं. तुर्भ्याच्या समुपदेशन सेंटरवर दर शुक्रवारी येतो, चार महिने झाले. खाडीकाठच्या गावातला, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. यार्डातला जोडीदार याच्या डोळ्यांदेखत कंटेनरखाली गेला, तेव्हापासून झोप नाही, जेवण नाही, घरात कुणाशी धड बोलणं नाही. संमतीचा फॉर्म पुढे केला तर वाचलासुद्धा नाही. “करा की रेकॉर्ड. तुमचा काम होत असंल तं माझी काय हरकत हाय?” सही केली, स्वतःचा नंबर लिहिला, बायकोचा लिहिला.

सेशन उत्तम झालं. चार महिन्यांत पहिल्यांदा माणूस हसला. दाढी करून आला होता. माझं काम कामी येतंय हे कुणा मैत्रीने सांगायची गरज नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळपासून कानात इअरफोन. थांबवा, मागे न्या, लिहा. थांबवा, मागे न्या, लिहा. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला दीड तास! ‘अं’, ‘हां हां’, ‘बरं बरं’ — हे लिहून कुणाचं भलं होणार आहे? शिवाय स्वतःचा आवाज ऐकायला नकोसा होतो. एवढी घाई असते माझ्या बोलण्यात?

शेवटी इअरफोन काढून ठेवला. माझं सेशन मला पाठ आहे. उरलेलं आठवून लिहिलं, जरा नीटनेटकं करून. दुपारी तीनला ऑडिओ, कागद आणि संमतीचा फॉर्म, सगळं मैत्रीला पाठवून दिलं. सुटले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बाईसाहेबांचा मेल आला! “मॅडम, तेविसाव्या मिनिटापासून साधारण दीड मिनिट कागदावर नाही. तुम्ही ते कृपया आजच ऐका. मला फोन कराल?”

आजच! मी हिच्या वर्गात बसते काय? पोरांच्या वह्या तपासताना मी हेच लाल पेन वापरायचे, म्हणून मला कळतं कुठे टोचतं ते. दीड मिनिट गाळलं म्हणजे मी खोटारडी का? मेसेज टाकला : “ज्या खुर्चीत बसलीस ती मी दिलेली आहे. माझं सेशन ऐकायची अजून तुझी लायकी नाही.”

लगेच फोन. उचलला नाही. परत फोन. चार वेळा. मग मेसेज — “मॅडम, प्लीज उचला, माझ्याबद्दल नाहीये.” नाही कसं? सगळं तिच्याबद्दलच तर आहे. ब्लॉक केलं. त्यानंतर दोन मेल आले, तेही उघडले नाहीत.

दिलीप म्हणाला, एवढं काय झालं? त्याच्यावरही ओरडले. भाजी करपली ती वेगळीच.

१३ ऑगस्ट

संघटनेकडे मैत्रीची तक्रार पाठवली. चांगली दोन पानी. ‘ज्येष्ठांशी वागण्याचे भान नाही, सुपरव्हायझर म्हणून अपात्र.’ बरं वाटलं.

१५ ऑगस्ट, दुपार

सेंटरला सुट्टी, म्हणून आज हरेशचं सेशन नव्हतं. खाली सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलेबी खाऊन वर आले. तक्रारीला पुरावा जोडावा म्हणून ऑडिओ लावला. म्हटलं, बघू तरी काय एवढं सोनं सांडलंय दीड मिनिटात.

ऐकलं. तीनदा ऐकलं.

हरेश म्हणतो, “आता डोक्याला शांती हाय मॅडम. शर्यतीचा बैल मेव्हन्याला देऊन टाकला. बायकोला सगले कागद दाखवले, कुठं काय ठेवलंय ते. आता कुनाचा काय रायला नाय.”

आणि मी म्हणते — “अरे वा! म्हणजे मन हलकं झालं!”

शर्यतीचा बैल! एप्रिलपासून या माणसाने दुसऱ्या कशाचं प्रेमाने नाव घेतलं नव्हतं. ‘त्याला खाऊ घालायचा म्हनून तरी सकाली उठतो’ — हे मला त्यानेच सांगितलं होतं. जिवापाड जपलेली वस्तू कुणी देऊन टाकली, निरवानिरवीची भाषा केली आणि अचानक शांत झाला तर खुश होऊ नका, सरळ विचारा — जीव द्यायचा विचार आहे का? शब्द न चोरता विचारा. मी शिकवते हे! परीक्षेत दहा मार्कांना घालते! आणि मी ‘अरे वा’ म्हणाले!

पुढे तो थांबतो. मग बारीक आवाजात, “मॅडम, एक इचारू का?”

मी : “विचाराल हो, आधी झोपेचा तक्ता बघू.”

त्यानंतर तो काही विचारत नाही. तक्ता दाखवतो. मी आकडे वाचत बसते. आणि कागदावर मी काय लिहिलं होतं? ‘क्लायंट हलकेपणा व्यक्त करतो. समुपदेशक त्यास दुजोरा देते.’

सात दिवस झाले त्याला! सात! मंगळवारी ती ‘आजच ऐका’ म्हणत होती आणि मी खुर्चीवरून भांडत होते. माझी लायकी काढायला हवी कुणीतरी. चांगली चव्हाट्यावर काढायला हवी.

हरेशचा फोन बंद. बायकोचा, रंजिताचा, वाजतोय, कुणी उचलत नाही. सहा वेळा लावला. दिलीप गाडी काढायला खाली गेलाय. तो हॉर्न देईपर्यंत हे लिहितेय, नाहीतर मी इथे किंचाळेन. तो असू दे. बाकी काही नको. नोंदणी गेली खड्ड्यात, तो असू दे.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

आहे. आतल्या खोलीत झोपला होता. पोटाशी उशी धरून, लहान मुलासारखा. दारातूनच बघितलं.

रंजिताने बसायला खुर्ची दिली. फोन चार्जिंगला होता म्हणाली, ऐकू आला नाही. “मंगलवारी तुमच्या त्या मैत्री मॅडमचा फोन आला. म्हनली, क्रांती मॅडमनी कलवायला सांगितलंय, त्यानला एकटा सोडू नका. तासाभरात सोता इथं आली. ह्यांच्याजवल बसली, मंग ह्ये सगला बोलले. रडले. तिनंच दवाखान्यात नेला, दोन दिस ठेवला, काल घरी आनला.” माझे दोन्ही हात तिने हातात घेतले. “मॅडम, तुमी ओलखलं म्हनून माझा मानूस घरात हाय. तुमीच सांगितलं ना तिला?”

मी हो म्हणाले.