ध्रुवावरचा बर्फ आणि आमची बारा तारीख

३ मार्च, सकाळ
आजपासून नियमित रोजनिशी. हेतू : सत्याची नोंद. वाचक : मी. अन्य कोणी वाचत असल्यास त्याने कृपया स्वतःच्या घरी जावे.

प्रसंग गंभीर आहे. गावातल्या सफरचंद-बागायतदारांत एक कुजबुज हेतुपुरस्सर पसरवली जात आहे : ऋतू सरकले, बहर लवकर येतो, म्हणून मधमाश्यांच्या पेट्याही लवकर मागवाव्यात. पेटीवाला वर्षातून एकदाच ट्रक घेऊन येतो आणि त्याला तारीख कळवण्याचा मान आजोबांपासून आमच्या घराण्याकडे आहे. ती तारीख बारा एप्रिल. फुलावर माशी बसली नाही तर फळ धरत नाही. म्हणजे अख्ख्या गावाचे वर्ष माझ्या एका वाक्यावर उभे असते. एवढा भार वाहणाऱ्या पुरुषाला दुसरा चहा मागून घ्यावा लागतो, ही या घराची शोकांतिका.

कुजबुजीचे उगमस्थान : माझा चुलतभाऊ. तो बागेत जागोजागी थर्मामीटर टांगतो, म्हणून गाव त्याला पारा म्हणते. त्याची बाग माझ्या बांधाला लागून आहे. आमच्यात वैर नाही. मी फक्त त्याच्यावर लक्ष ठेवतो.

५ मार्च
पॅकिंग शेडमध्ये सभा. रिकामी क्रेट्स उलटी घालून मंडळी स्थानापन्न. शेतकी खात्याच्या बाईंनी भिंतीवर ध्रुवीय बर्फाचा आलेख दाखवला. कित्येक वर्षांची एक रेषा, खाली उतरत जाणारी. (बाई सभेपूर्वी पाऱ्याकडे चहा प्यायल्या होत्या. नोंद घेतली.)

मी उभा राहिलो. रेषेत एके ठिकाणी ती वर चढल्याचे बोट ठेवून सिद्ध केले. त्या वर्षी बर्फ आदल्या वर्षापेक्षा वाढला होता, हे बाईंनाही मान्य करावे लागले. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही एक पायरी दाखवताय. मी जिना दाखवतेय."

सभा हसली. हास्य हा युक्तिवाद नव्हे. मागच्या क्रेटवरून कोणीतरी म्हणाले की, दादांना पायऱ्या मोजायची सवय आहे, गुडघे दुखतात ना. आवाज ओळखला. वेळ आल्यावर पाहीन.

८ मार्च
शेडमध्ये प्रयोग. सिद्ध करायचे ते : बर्फ वितळल्याने समुद्र चढत नाही. पेल्यात पाणी, पाण्यात बर्फाचे खडे, कडेला पेनाने रेघ. बर्फ संपूर्ण वितळेपर्यंत सर्वांना बसवून ठेवले. पाणी रेघेच्या वर तसूभरही चढले नाही. मी विजयी मुद्रेने सभोवार पाहिले. निम्मे घरी गेले होते.

पाऱ्याने शांतपणे चहाची गाळणी मागवली, पेल्यावर ठेवली आणि गाळणीत बर्फ घातला. म्हणाला, दादा, तरंगणाऱ्याचं तुमचं बरोबर, पण जमिनीवरचा बर्फ वितळला की असा येतो. थोड्या वेळाने पेला भरून वाहू लागला आणि माझ्या टिपणांवर आला.

निष्कर्ष : गाळणी संशयास्पद. ती नेमकी हाताशी कशी होती?

१४ मार्च
मतदान. विषय : या वर्षी पेट्या केव्हा. पाऱ्याच्या बाजूने जवळजवळ सर्वच हात वर झाले. परंतु हात वर करतानाचे त्यांचे चेहरे मी वाचले आहेत. त्या चेहऱ्यांवर माझ्याविषयी निष्ठा होती. हात ही केवळ औपचारिकता.

ठरले असे की, गावाच्या पेट्या कळ्या फुगताच येणार. मला माझी तारीख राखण्याची मुभा. पेटीवाल्याला फोन केला. तो पुनःपुन्हा विचारत राहिला, मालक, बाराच ना? मी म्हणालो, आमच्या घराण्यात तारखेचा अभ्यास झालेला आहे. तो म्हणाला, झाडांचा पण झालाय का? लाइन खराब होती. फोन ठेवला.

संकल्प : उद्यापासून पाऱ्याविषयी विचार करायचा नाही.

१५ मार्च
पाऱ्याने एक नवीन थर्मामीटर लावला आहे. अगदी बांधावर. काच माझ्या बाजूला.

२१ मार्च
बागेत फेरी. कळ्या फुगल्यासारख्या भासतात. हिला सांगितले, हा कसलातरी रोग असावा. ही म्हणाली, याला बहर म्हणतात. स्त्रियांना वनस्पतिशास्त्रातील सूक्ष्म भेद समजावणे कठीण.

मग विचार केला : संपूर्ण बागेत एकाच वेळी असा उतावळेपणा नैसर्गिक कसा असेल? पाऱ्याने बांधापलीकडून काही फवारले असावे. वाऱ्याची दिशा तपासली. वारा माझ्याकडून त्याच्याकडे जात होता. म्हणजे तो किती पूर्वतयारीने वागतो!

२५ मार्च
गावाच्या पेट्या आल्या. पाऱ्याच्या बागेत दिवसभर गुंजारव. त्यांतल्या काही माश्या माझ्या बांधालगतच्या ओळीवर उतरल्या. परवानगी न घेता. खुर्ची टाकून त्यांची ये-जा पाहिली. मधाचा अंश घेऊन परत पाऱ्याकडेच जातात. हेरगिरी याहून निराळी काय असते?

माझी उर्वरित झाडे पांढरी होऊ लागली आहेत. ही फुले नव्हेत. फुलांची रंगीत तालीम.

२७ मार्च
अलौकिक कल्पना. मुळे थंड ठेवली की झाड थांबते. बहर बारापर्यंत रोखून धरायचा आणि सर्वांची तोंडे एकदाच बंद करायची. मासळीबाजाराच्या बर्फ कारखान्यातून टेम्पो भरून लाद्या आणवल्या आणि प्रत्येक खोडाभोवती रचल्या. दृश्य भव्य. साक्षात ध्रुवप्रदेश. बागेला मासळीचा किंचित वास आहे, परंतु तो पथ्यावरच पडेल.

पारा बांधावर येऊन उभा राहिला. त्याने लाद्या मोजल्या. मग इतकेच म्हणाला, दादा, सावलीत तरी ठेवायच्या होत्या. मी त्याला सांगितले की बर्फ स्थिर आहे.

२७ मार्च, दुपारी
बर्फात किंचित घट. कारणे स्थानिक.

२८ मार्च
सकाळी बर्फ कालच्या सायंकाळपेक्षा लक्षणीय वाढलेला. (दुसरा टेम्पो आला.) बाईंना फोन करून ही वाढ कळवावी असे मनात आले. फोन लावेपर्यंत दुपार झाली. लावला नाही.

खोडांपाशी चिखल. घसरलो. मांजर दिवसभर बागेतून हलत नाही. फुले पूर्ण उमलली आहेत. बहुधा बर्फाच्या अपमानाने.

३१ मार्च
आज ही फाटकापाशी उभी राहिली. हातात रिकामी टोपली, चपला चिखलाने भरलेल्या. एरवी माझ्याशी ती स्वयंपाकघरातून बोलते. समोर येऊन उभी राहते तेव्हा प्रकरण गंभीर असते.

म्हणाली, "अहो, पेटीवाला अजून पाऱ्याच्या बागेतच आहे. मी बोललेय त्याच्याशी. संध्याकाळपर्यंत चार पेट्या बांधाच्या अलीकडे ठेवतो म्हणाला. पाऱ्याचीही ना नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा."

मी परंपरेविषयी बोललो. आजोबांविषयी बोललो. आलेखातल्या त्या चढत्या भागाविषयीही बोललो. तिने ऐकून घेतले.

"आजोबांची झाडं गेली कधीच," ती म्हणाली. "ही आपण लावलीत. दोघांनी. खड्डे मी खणलेत, तुम्ही दोरी धरून उभे होतात."

दोरी सरळ धरणे हे अत्यंत जबाबदारीचे काम असते, हे मी तिला सांगितले असते. परंतु ती निघून गेली होती. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. केवळ उभा राहिलो, तेवढ्यात संध्याकाळ झाली.

पाऱ्याचीही ना नाही, हे वाक्य मनात घोळत आहे. त्याची ना का नाही? यात त्याचा काय डाव? अद्याप उलगडा नाही.

५ एप्रिल
रात्रीत वारा. पाकळ्या जमिनीवर. बहराने मुदतीपूर्वीच राजीनामा दिला आहे. परंतु राजीनामा अजून मी मंजूर केलेला नाही. काही शेंड्यांवर तुरळक फुले दिसतात. चष्मा बदलून पाहिले तर ती चुन्याचे शिंतोडे निघाली.

संकल्प : बारा तारखेपर्यंत वर पाहायचे नाही.

१२ एप्रिल
ट्रक नियोजित दिवशी, नियोजित वेळी. गावात शब्द पाळणारे आता दोघेच उरलो : मी आणि पेटीवाला. त्याने पेट्या उतरवल्या, ओळीने मांडल्या, मग टोपी मागे सारून झाडांकडे पाहिले. विचारले, मालक, बाग कुठली? मी म्हणालो, हीच. तो चहा घेतल्याशिवाय मात्र गेला नाही.

माश्या बाहेर पडल्या, झाडांवरून एक चक्कर मारून परत आल्या आणि पेटीच्या तोंडाशी जमून राहिल्या. त्यांच्यात चर्चा चालू असावी. माझ्याविषयीच.

पाऱ्याच्या झाडांना मण्यांएवढी फळे लागली आहेत. माझ्या बांधालगतच्या ओळीलाही. बाकीच्या बागेत निव्वळ पाने. ही त्या एका ओळीतून संध्याकाळी हळूहळू चालत गेली, प्रत्येक झाडाला हात लावत. मी खिडकीतून पाहिले. मला हाक मारली नाही.

१४ एप्रिल
पेटीवाल्याचा फोन. फुले नसतील तर माश्या उपाशी मरतात. ज्याच्या बागेत पेट्या, त्याने साखरेचा पाक करून खाऊ घालायचा, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज आहे. पुढच्या गावचा बहर लागेपर्यंत त्याला पेट्या हलवता येणार नाहीत. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ.

यामागे कोण आहे, याचा सविस्तर तपास करणार होतो. सवड नाही. पाक ढवळत राहिले नाही तर तळाला लागतो.

१६ एप्रिल
घरातली साखर संपली. दुकान बंद. चहा बिनसाखरेचा. माश्या दाराशी येऊन बसल्या आहेत आणि माझ्याकडे पाहत आहेत.

ही म्हणाली, पाऱ्याकडून घेऊन या. पुष्कळ विचार केला. दुसरा मार्ग तपासला. नाही. अखेर वाटी घेऊन निघालो.

फाटकातून ही म्हणाली, वाटीनं काय होणार, बादली न्या.