ओळखीचे

प्रिय धाकट्या,

तुला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून लिहायला बसले होते. आमचं घराचं कर्ज नामंजूर झालं. तुझ्या गॅरेजच्या कर्जाला मी जामीन राहिले आणि तू हप्ते थकवलेस, त्यात माझाही क्रेडिट स्कोअर बुडाला.

बँकेतल्या साहेबांनी स्क्रीनवरचं तुझं नाव वाचून विचारलं, "हे कोण तुमचे?"

मागे खुर्च्यांवर माणसं बसली होती. मी म्हणाले, "ओळखीचे आहेत."

लग्नानंतर आडनावं वेगळी झालेली, त्यामुळे ते खपून गेलं. साहेब हळहळले. "ताई, ओळखीच्यांसाठी कशाला अडकता हो?"

तुझे दाजी शेजारीच होते. जिना उतरताना म्हणाले, "तो चुकला गं, पण भाऊ आहे ना तुझा?"

घर काय, आज ना उद्या होईल. पण त्या परक्या माणसाने मला ताई म्हटलं, आणि ज्याने मला पहिल्यांदा ताई म्हटलं त्याला मी ओळखीचा करून टाकलं. आता कुठल्या तोंडाने रागावू तुझ्यावर? हे पत्र तुला पाठवणारच नाही. खाली 'तुझी ताई' लिहायला हात धजत नाही.

तुझ्या ओळखीची