शेवंडीच्या सहा शेपट्या

मंगळवार, २८ जुलै

कोरीनचा फोन. नऊ तारखेला, रविवारी, नासाऊहून येतेय. एकटी नाही. बरोबर कोणी रुडेल बॅनिस्टर, अँड्रोस बेटाचा. काय करतो म्हणून विचारलं. म्हणाली, "शेवंडी पकडतो, डॅडी. स्वतःची बोट आहे." म्हणजे लॉब्स्टरसाठी दिवसभर पाण्यात तोंड खुपसून राहणारा माणूस. माझी मुलगी शाळेत गणित शिकवते. तिच्या बापाने, थिओफिलस डार्व्हिलने, एकतीस वर्षं या लाँग आयलंड बेटाचं पोस्ट सांभाळलं. आणि जावई डुबक्या मारणार!

"एक विचारायचंय, पण समोर बसून विचारेन," असंही म्हणाली. परवानगी मागणार, उघड आहे. नकार लिहायला घेतला. तीन परिच्छेद होतील.

बुधवार, २९ जुलै

दाढी करताना सुचलं. नुसता नकार द्यायचा नाही. आधी जेवायला घालायचं, तेही स्वतः रांधून. दातांच्या डॉक्टरकडून आणलेल्या मासिकात (विचारलं नव्हतं, पण तिथे ते कोणी वाचतही नव्हतं) शेवंडीच्या शेपट्यांचं चित्र आहे. कवच पाठीवर मधोमध कापलेलं, मांस अलगद वर काढून कवचावरच बसवलेलं, वर लोणी, आणि ओव्हनच्या वरच्या आचेखाली सगळं सोनेरी. मोठ्या हॉटेलात असं देतात. आपण ज्या जिवाला मिशांना धरून ओढतो त्याचं सुशिक्षित घरात काय होतं, हे तो बघेल. स्वतःची पायरी ओळखेल. मला फार बोलावंही लागणार नाही.

थोरली बहीण इस्मे शेजारीच राहते. बायको गेल्यापासून माझा डबा तीच पाठवते. तिला बेत सांगितला तर हसून हसून ओट्याला टेकली. "थिओ, तुला अंडं उकडता येत नाही रे. मागच्या वेळी पातेलं फेकावं लागलं!"

अंडं हा क्षुद्र पदार्थ आहे. त्यात माझं मन लागत नाही.

शनिवार, १ ऑगस्ट

आज शेवंडीचा हंगाम उघडला. सकाळी धक्क्यावर गेलो. बोटवाल्यांचा आरडाओरडा, घामाचा वास, विनोदाची पातळी नेहमीचीच. मासळी विकणारा ग्रॅनव्हिल नोल्स. पोस्टात यायचा तेव्हा पाकिटावरचा पत्तासुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचा. त्याला सांगितलं, सहा शेपट्या दे, एकसारख्या, या पट्टीने मोजून. त्याने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, "पोस्टमास्तर, शेवंडी काय पट्टी बघून वाढतात? आणि नुसत्या शेपट्या कशाला नेताय? अख्ख्या न्या. खरी चव डोक्यात असते."

डोकी त्यालाच ठेवून घ्यायला सांगितलं. गरज त्याला जास्त आहे.

सोमवार, ३ ऑगस्ट

सुट्टी. सगळं बेट बोटींच्या शर्यती बघायला किनाऱ्यावर लोटलंय. ज्यांना घरात करण्यासारखं काही नसतं ते असं करतात.

पहिली तालीम. एक शेपटी. साध्या कात्रीने कवच कापेना, म्हणून इस्मेची शिवणाची आणली. तिचं एक पातं वाकलं. (हलका माल.) कवचाचे काटे अंगठ्यात गेले. मांस वर काढताना ते एका बाजूने आलं, दुसऱ्या बाजूने आलं नाही. चित्रात दिसतं तसं बसलं नाही, लोळलं. ओव्हनमध्ये वरच्या जाळीवर ठेवलं. वरून कोळसा, आतून कच्चं. दोष ओव्हनचा. रात्री डब्यातलंच खाल्लं.

संध्याकाळी इस्मे कात्री न्यायला आली. कात्री पाहिली. वाकलेलं पातं बोटाने सरळ करून पाहिलं. मग म्हणाली, "आता तरी माझं ऐक. कांदा, टोमॅटो, थाइम, मिरची घालून मी शिजवते, जॉनीकेकची जाड भाकरी भाजते. पोरगी किती महिन्यांनी येतेय!" मी म्हणालो, ते प्रत्येक घरात शिजतं. हा प्रश्न दर्जाचा आहे.

बुधवार, ५ ऑगस्ट

दुसरी तालीम. मासिकात दहा मिनिटं लिहिलंय. असली मासिकं आळशी लोकांसाठी असतात. मी पंचवीस दिली, आणि आच एक खण खाली. रंग अप्रतिम. फोटो काढला.

चव बघायला पाद्री कल्मर यांना बोलावलं. त्यांनी घास तोंडात घेतला आणि चावत राहिले. मी बेटावरच्या तरुण पिढीबद्दल माझे विचार सांगितले. ते संपले तरी पाद्री चावतच होते. शेवटी रुमाल तोंडाला लावून म्हणाले, "थिओफिलस, प्रभूने सहनशीलता उगीच शिकवली नाही."

पसंती मिळाली. आता फक्त सराईतपणा हवा. उरलेल्या चार शेपट्या फ्रीजरमध्ये. चार माणसं, चार शेपट्या. हिशेब चोख.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

नकार पाठ झाला. पहिला परिच्छेद घराण्याबद्दल, दुसरा शिक्षणाबद्दल, तिसरा कोरीनच्या आईला काय वाटलं असतं याबद्दल. तिसरा आरशासमोर म्हणताना आवाज जरा घोगरा झाला. दमट हवा.

इस्मे डबा घेऊन आली तेव्हा ऐकत उभी होती. "थिओ, ती परवानगी मागायला येत नाहीये."

मग कशाला येतेय, मी विचारलं.

"तिचं तिलाच विचार. पण ऐकून घे. कधी नव्हे ते ऐकून घे."

पोस्टात एकतीस वर्षं मी काय करत होतो? लोकांचं ऐकूनच तर घेत होतो. सगळ्या तक्रारी निराधार निघाल्या.

रविवार, ९ ऑगस्ट, सकाळी ११

टेबल मांडलं. इस्त्रीचे रुमाल. तुरीच्या दाण्यांचा भात इस्मेकडून घेतला, कारण भात मुख्य पदार्थ नव्हे. शेपट्या फ्रीजरमधून काढल्या. दगड. रात्रीच बाहेर काढायच्या असतात हे मासिकात दुसऱ्या पानावर असणार, आणि ते पान डॉक्टरकडेच राहिलं असावं. गरम पाण्याच्या बादलीत टाकल्यात.

११.४०

बाहेरून मऊ. पुरेसं आहे.

१२.३०

विमानाचा आवाज. लोणी दुप्पट घातलंय. लोणी सगळं झाकतं.

संध्याकाळी ६

जे झालं ते नोंदवतो.

बॅनिस्टर बुटका आहे. चष्मा. हातांवर पांढरे वण. येताना बर्फाची पेटी घेऊन आला. आत अख्ख्या शेवंडी, डोक्यासकट, मिशांसकट. भेट म्हणे! मी पेटी मागच्या दारी ठेवायला लावली.

ओव्हन लावला. लोणी कवचातून खालच्या तव्यात उतरलं आणि पेटलं. मी तत्त्वतः शांत होतो, फक्त कोणत्या बाजूला जायचं ते ठरत नव्हतं. इस्मे ओरडली. बॅनिस्टर आला, गॅस बंद केला, ओव्हनचं दार लावलं आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला. "दोन मिनिटं कोणी उघडू नका," एवढंच बोलला. माझ्या घरात, माझ्या ओव्हनला!

धूर गेल्यावर मी शेपट्या वाढल्या. कोरीनने एक तुकडा कापला, मधला भाग काचेसारखा दिसला, तिने काटा खाली ठेवला. इस्मेने भात घेतला. बॅनिस्टरने मात्र अख्खी खाल्ली. जळलेलं, कच्चं, सगळं. तोंडावर रेषा हलली नाही. "मिस्टर डार्व्हिल, मेहनत फार आहे यात," म्हणाला. जिभेला संस्कार नाही, दुसरं काय.

मग माझी परवानगी न घेता इस्मेने त्याला स्वयंपाकघरात नेलं. मागच्या दारची पेटी आत आली. पंधरा मिनिटांत वास आला. शिष्टाचार म्हणून मी थोडं घेतलं. तीनदा.

जेवण झाल्यावर कोरीन माझ्याशेजारी येऊन बसली. माझा हात धरला. म्हणाली, "डॅडी, नोव्हेंबरात लग्न आहे, अँड्रोसला. चर्च ठरलंय. मला एवढंच विचारायचंय, माझा हात धरून मला वेदीपर्यंत न्याल?"

प्रश्न वेगळा होता. पण माझी तयारी होती ती होती. मी उभा राहिलो आणि घराण्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या परिच्छेदात "पाण्यात तोंड खुपसून" हे शब्द आले. ते लिहिताना चांगले वाटले होते. बॅनिस्टर ताटाकडे बघत होता. कोरीन म्हणाली, "बस झालं, डॅडी." मी म्हणालो, अजून एक परिच्छेद आहे.

"कशाबद्दल?"

तुझ्या आईबद्दल, मी म्हणालो.

ती उठली. "आईचं नाव घेऊ नका. या घरात तुमचं कोणी ऐकत नाही म्हणून नाही रडायची ती, तुम्ही कोणाचं ऐकत नाही म्हणून रडायची." रुमालाची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि इस्मेच्या घरी गेली. बॅनिस्टरने आधी भांडी घासली, मग गेला. जाताना म्हणाला, "येतो, मिस्टर डार्व्हिल." मी मान हलवली असावी.

तिसरा परिच्छेद राहिला. तो सगळ्यात चांगला होता.

सोमवार, १० ऑगस्ट

सकाळच्या विमानाने गेले. मी विमानतळावर गेलो नाही. ऊन होतं.

दुपारी इस्मे आली. कोरीनला वेदीपर्यंत ती नेणार आहे. काल रात्री कोरीनने विचारलं, हिने हो म्हटलं. पासष्टीच्या बाईने! नासाऊहून टोपी मागवतेय. जांभळी, रुंद कडेची, वर पीस. मी म्हणालो, हास्यास्पद दिसशील. ती म्हणाली, "दिसेन. पण तिथे असेन."

पत्रिका मलाही आहे म्हणाली. कुटुंबासाठी पुढच्या रांगा राखून ठेवल्यात.

ती गेल्यावर अडीच तास विचार केला आणि कोरीनला फोन केला. बॅनिस्टरने उचलला. मी विचारलं, शेवंड किती मिनिटं शिजवतात. तो म्हणाला, "कवच लाल झालं, मांस पांढरं दिसलं की उतरवायची. घड्याळाकडे नाही, तिच्याकडे बघायचं." मग मी न मागता त्याने फोन कोरीनकडे दिला.

 तिने विचारलं, जेवलात? हो म्हटलं. विमान वेळेवर पोचलं का, मी विचारलं. हो म्हणाली.

मग मी तिला स्पष्ट सांगितलं की लग्नाला येण्याबाबत मी अनुकूल आहे, आणि मोठेपणा दाखवून तिसऱ्या रांगेतही बसेन.

ती म्हणाली, "तिसऱ्या रांगेत रुडेलच्या मावश्या आहेत, डॅडी. तुम्ही चौथीत."

चौथी ठीक आहे. चौथीतून एकूण सगळं जास्त नीट दिसतं. फक्त इस्मेची टोपी आडवी येणार.