दुबईची दोरी आणि आपला तंगूस

कसबा बावडा, कोल्हापूर
१० फेब्रुवारी २००२

ती. बाबासो दादा यांस,

आकारामचा सप्रेम जय भीम. दसऱ्यापासून तुम्हाला पत्र नाही, याबद्दल माफी असावी. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण वेळ होता, म्हणून नुसतीच माफी मागतो. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत (माझी करंगळी सोडून, ते पुढे येईलच).

आपल्या संघप्रियाला पाहायला शिरोली एमआयडीसीतले जोतीराम म्हणून फाउंड्रीतले फोरमन आले होते, मुलगा प्रसेनजीत याला घेऊन. मुलगा संघप्रियाला पसंत आहे, मला तर फारच पसंत आहे (चहाच्या कपबश्या त्याने स्वतः उचलून आत नेल्या). सगळं सुरळीत चाललं असताना जोतीरामांनी मला विचारलं, "पावणं, तुमाला नाद कशाचा?" मी रोज डायरी लिहितो हे खरं ते सांगायला तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात, माझं तोंड कशासाठी उघडतंय ते शालूला आधीच कळतं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बंधाऱ्यावर मासं धरायला जात्यात की." मी बंधाऱ्यावर जातो हे खोटं नाही. तिथे बसून डायरी लिहितो. पण जोतीरामांचा चेहरा असा काही उजळला की मला पुढे बोलवेना. "मग ठरलं की," ते म्हणाले, "म्होरल्या ऐतवारी राजाराम बंधाऱ्यावर गळ टाकून बसू, आन् तितंच बोलणी पक्की करू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन रिळं पाठवली. एकावर आपला नेहमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची जाड, ताठ तार. दुसऱ्यावर त्यांच्या भावाने दुबईहून आणलेली विणलेली दोरी, शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक आणि साबण लावल्यासारखी बुळबुळीत. निरोप असा, की ही दोरी माशाला दिसत्या, म्हणून टोकाला हातभर तंगूस जोडून आणा, तुमच्या हाताला सवय असंलच. माझ्या हाताला खडूची सवय आहे. पण हायस्कुलात सतरा वर्षं घर्षण शिकवणाऱ्या माणसाला दोन दोऱ्या जोडता येऊ नयेत, हे मलाच पटेना.

पहिल्यांदा मी लेंग्याच्या नाडीला मारतो तशी गाठ मारली आणि दोरी करंगळीभोवती गुंडाळून ओढली. गाठ अलगद निसटली, पण त्याआधी करंगळी कापली गेली. (विणलेली दोरी बोटाला गुंडाळून ओढू नये, हा शोध मी स्वतंत्रपणे लावला.) मग दोन्ही टोकं शेजारी ठेवून पोत्याचं तोंड बांधतात तशी गाठ घातली, दोरी स्वयंपाकघरातल्या आढ्याच्या आकड्याला अडकवली आणि खाली बादली टांगून तांब्या-तांब्याने पाणी ओतत गेलो. अर्धी बादली होईपर्यंत माझा छाती पुढे काढण्याचा विचार होता. तेवढ्यात तंगूस तसाच राहिला, बारीक दोरी त्यातून सरकली आणि बादली कणकेच्या परातीत आली. शालू म्हणाली, "नादच सांगायचा हुता तर भजनाचा सांगितला असता मी."

शेवटी विचार केला, की ताठ वस्तूला वाकवावं आणि बुळबुळीत वस्तूला गुंडाळावं. तंगूसाचा फास केला, दोरी त्यात घालून फासाच्या दोन्ही पदरांवर दहा वेढे दिले आणि ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने बाहेर काढली. आवळताना तंगूस तापून कमजोर होतो, म्हणून थुंकी लावली. (उरलेलं टोक जोतीराम दाताने तोडतील का, आणि तसं असेल तर आधी सांगणं माझं कर्तव्य ठरतं का, यावर बराच वेळ गेला.) बादली काठोकाठ भरली. गाठ जागची हलली नाही. आकडा मात्र आढ्यातून उपटून आला. शेजारी अभ्यासाला बसलेली संघप्रिया ओली झालेली पुस्तकं उचलत म्हणाली, "बाबा, एवढं मजबूत कशाला? मासा धरायचाय का म्हैस?" तरी सांगतो दादा, इतका आनंद मला बी.एड.च्या निकालानेही झाला नव्हता.

वहिनींना जय भीम.

तुमचा,
आकाराम

ता. क. : आनंद रात्रीपर्यंतच टिकला. सकाळी नेहमीप्रमाणे पंचशील म्हणायला बसलो आणि पहिल्याच शीलाशी अडकलो. जीवहत्या करणार नाही म्हणायचं, आणि मासा सुटूच नये अशी गाठ घालायची. (मटणाचा रस्सा ओरपताना हा प्रश्न मला कधी पडला नाही, याचीही लाज वाटली.) बंधाऱ्यावर गेलो नाही तर शालूचं बोलणं खोटं ठरतं आणि पोरीचं जमलेलं मोडतं. गेलो तर मासा मरतो.

आणखी ता. क. : म्हणून विचारतो. जोतीराम हाताने ओढून बघतील तेव्हा पक्की राहील, पण मासा लागला की सुटेल, अशी एखादी गाठ असते का? तुम्ही इतकी वर्षं वारणेकाठी गळ टाकता आणि दर वेळी मोठा मासा काठाशी येऊन निसटला असंच सांगता. तेव्हा तुम्ही बांधता तीच ती असावी. शनिवारच्या आत चित्र काढून पाठवा. (यात चौथं, खोटं न बोलण्याचं शील मोडतं का, हे मी ऐतवारनंतर बघेन.)

उद्याचं काम (डायरीची सवय, पत्रातही सुटत नाही) : शालूने पाहुण्यांना माझ्याबद्दल आणखी काय काय सांगितलंय, ते तिला विचारणे.